दारावरचा नारायण

१९६०-६१ साली थायलंडच्या ललितकला विभागाने देशाच्या ईशान्य भागातल्या पडक्या देवळांची पाहणी केली. मानित वल्लिफोदोम हे त्या पाहणीतले जाणते अधिकारी. बुरीरम प्रांतातल्या फनोम रुंग डोंगरावर, गवताने आणि झाडांनी वेढलेल्या देवळाच्या पूर्वेच्या दाराशी, त्या पाहणीत एका दगडी पट्टीचं छायाचित्र काढलं गेलं. दाराच्या चौकटीवर आडवी बसवायची ही पट्टी. मराठी घरादेवळांत तिच्यावर गणपती कोरतात म्हणून आपण तिला गणेशपट्टी म्हणतो. फनोम रुंगच्या पट्टीवर विष्णू आहे. उजव्या कुशीवर निजलेला, पायांशी लक्ष्मी, नाभीतून वर आलेल्या कमळावर ब्रह्मदेव. कडेच्या वेलबुट्टीत पोपट आहेत, माकडं आहेत, आणि तोंड वासून बसलेलं कालमुख आहे, आपल्या देवळांतल्या कीर्तिमुखाचं भावंड.

थाई लोक या शिल्पाला ‘नाराय बंथोमसिन’ म्हणतात. नाराय म्हणजे नारायण, बंथोम म्हणजे निजणं, आणि शेवटचा ‘सिन’ हा आपला सिंधू. समुद्रावर निजलेला नारायण.

पुढच्या चार-पाच वर्षांत ती पट्टी डोंगरावरून नाहीशी झाली. उरलं ते छायाचित्र.

बुरीरम हे नाव मराठी कानाला चटकन रामाशी जोडावंसं वाटतं, पण त्यातला शेवटचा शब्द ‘रम्य’ आहे. पुरी आणि रम्य मिळून हे नाव झालं. बँकॉकहून ईशान्येला जाणाऱ्या रेल्वेने पावणेचारशे-चारशे किलोमीटर गेलं की हे शहर लागतं. अलीकडे फुटबॉलच्या क्लबामुळे आणि मोटारसायकलींच्या जागतिक शर्यतीमुळे त्याचं नाव जगभर गेलं. पण प्रांताचा खरा स्वभाव कळतो तो शहराबाहेर, सपाट भातशेतीतून मध्येच उठलेल्या डोंगरांमुळे. हे सहा थंड झालेले ज्वालामुखी. शहराच्या अगदी जवळच्या खाओ क्रदोंगवर पायऱ्या चढून गेलं की मुखाची खोलगट वाटी दिसते. तिच्यात आता झाडी माजली आहे आणि माथ्यावर एक मोठा बुद्ध बसला आहे. दक्षिणेकडच्या चरोएन सुक गावातल्या बायका ज्वालामुखीच्या तांबूस मातीत सूत रंगवून कापड विणतात. त्या कापडाचं नाव ‘फु अक्खनी’, म्हणजे अग्नीचा डोंगर. याच मातीतला सुवासिक तांदूळ थायलंडमध्ये भौगोलिक मानांकन घेऊन विकला जातो.

फनोम रुंग त्या सहांपैकी एक. भोवतालच्या शेतांपासून सुमारे दोनशे मीटर उंच. नाव ख्मेर भाषेतलं, अर्थ विस्तीर्ण डोंगर, आणि जुन्या शिलालेखांतही डोंगराला हेच नाव आहे. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हा डोंगर काळ्या बेसाल्टचा, सह्याद्रीच्या जातीचा. वेरूळच्या कारागिरांनी बेसाल्टचा डोंगरच वरून खाली खोदत कैलास कोरला. इथल्या कारागिरांनी तो मार्ग धरला नाही. त्यांना गुलाबी झाक असलेला मऊ वालुकाश्म हवा होता. तसा दगड दक्षिणेकडच्या बान क्रुआत भागात निघे. तिथे दगड कापल्याच्या जुन्या खाणी अजून पाहायला मिळतात, आणि त्याच परिसरात त्या काळच्या तपकिरी झिलईच्या भांड्यांच्या भट्ट्याही सापडल्या आहेत. पायासाठी आणि फरसबंदीसाठी जांभा वापरला, कोकणातल्या घरांना असतो तोच.

डोंगरावर सर्वांत जुन्या खुणा विटांच्या देवळांच्या, दहाव्या शतकातल्या. मुख्य देऊळ बाराव्या शतकातलं. देवळाकडे नेणारा रस्ता १६० मीटर लांब आहे आणि त्याच्या दोन्ही कडांना कमळकळीच्या माथ्याचे सत्तर खांब उभे आहेत. मग नागांचा पूल, पाच फणांचे नाग कठड्यावरून अंग लांबवून समोर पाहणारे, आणि त्यानंतर चढणीच्या पायऱ्या. हा पूल पाण्यावर नाही. माणसांचा लोक संपून देवांचा लोक सुरू होतो, त्या सीमेवर तो बांधला आहे. वर पोहोचल्यावर देऊळ एकदम समोर येत नाही. आधी भिंत, मग दार, मग आतलं दार, आणि असं करत करत गाभारा.

गाभाऱ्यात पिंडी होती. अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारा दगडी पाट आजही तिथे दिसतो आणि थाई वाटाडे त्याला ‘सोमसूत’ म्हणतात. शंकराच्या देवळात सोमसूत्र न ओलांडता अर्ध्यातून परतणारी प्रदक्षिणा मराठी माणूस लहानपणी शिकतो. तोच शब्द इतक्या लांब, बौद्ध देशातल्या वाटाड्याच्या तोंडून सहज ऐकू येतो.

दर्शनी भागावर दहा हातांचा नटराज आहे. त्याच्या पायाशी बसलेल्यांत तमिळ संत कारैक्काल अम्मैयार असल्याचं अभ्यासक ओळखतात. इतरत्र रामायणातले प्रसंग आहेत. सीतेचं हरण आहे, नागपाशात जखडलेले राम-लक्ष्मण आहेत. नंदीवर बसलेले उमा-महेश्वर आहेत. आतल्या एका दारावर पाच योगी ओळीने बसलेले आहेत. हे योगी इथे का, याचं उत्तर देऊळ बांधणाऱ्याच्या चरित्रात सापडतं.

त्याचं नाव नरेंद्रादित्य. आजच्या कंबोडियातलं अंगकोर वाट उभारणाऱ्या ख्मेर राजा दुसऱ्या सूर्यवर्मनचा तो आप्त आणि त्याच्या बाजूने लढलेला सरदार. दोघांचं घराणं महिधरपूरचं. हे घराणं याच उत्तरेकडच्या मुलखातलं मानतात. नरेंद्रादित्याच्या आईचं नाव भूपतींद्रलक्ष्मी, आणि मुलाचं हिरण्य. बापाची हकीकत आपल्याला हिरण्याने कोरवलेल्या संस्कृत शिलालेखातून कळते. युद्धं गाजवून झाल्यावर नरेंद्रादित्याने संसार सोडला आणि याच डोंगरावर योगी म्हणून तो राहिला. तो पाशुपत पंथाचा होता असं मानतात. या पंथाच्या खुणा महाराष्ट्रातही ठळक आहेत. घारापुरी आणि जोगेश्वरीच्या लेण्यांचा संबंध अभ्यासक पाशुपतांशी जोडतात, आणि ती लेणी फनोम रुंगच्या मुख्य देवळाहून सहाशे वर्षं जुनी आहेत. मधल्या काळात हा पंथ कुठून कसा गेला, कोणत्या बंदरातून, कोणाच्या सोबत, ती वाट मोठी आहे. पण घारापुरीचा महायोगी शिव पाहिलेल्या माणसाला फनोम रुंगच्या त्या पाच योग्यांसमोर उभं राहिल्यावर परकं वाटणार नाही.

डोंगराच्या पायथ्याशी आणखी एक जग होतं. अंगकोरहून उत्तरेला फिमाईपर्यंत एक राजमार्ग जात होता आणि तो या प्रांतातून जाई. बाराव्या शतकाच्या अखेरीस सातवा जयवर्मन राजा झाला. तो महायान बौद्ध होता. त्याच्या काळच्या शिलालेखांत राज्यभरच्या १२१ विश्रामस्थानांची आणि १०२ रुग्णालयांची नोंद आहे, आणि अंगकोर-फिमाई मार्गावर अशी १७ विश्रामस्थानं होती. फनोम रुंगजवळच्या बान बु गावात त्यांपैकी एक आज एका शाळेच्या आवारात उभं आहे. रुग्णालयांना थाई लोक आजही ‘अरोखयासान’ म्हणतात, म्हणजे आरोग्यशाळा. पायथ्याच्या कुटी रुसीत, म्हणजे ऋषीच्या कुटीत, अशाच एका आरोग्यशाळेचं देऊळ उरलं आहे. माणसं राहायची आणि औषधं मिळायची त्या इमारती लाकडी होत्या, म्हणून त्या गेल्या. दगड फक्त देवासाठी वापरत. त्यामुळे आज जे दिसतं ते देवांचं, आणि वैद्य, आजारी माणूस, बैलगाडीवाला यांच्याबद्दल बोलायला शिलालेखातली एखादी ओळच हाताशी उरते.

पायथ्यापासून आठेक किलोमीटरवर प्रासात मुआंग ताम आहे, म्हणजे सखल गावचं देऊळ. ते फनोम रुंगच्या मुख्य देवळाहून जुनं, अकराव्या शतकातलं. फनोम रुंग पाहायला आलेले अनेक जण वेळ उरला तर इथे डोकावतात, हे खरं तर उलट व्हायला हवं. पाच विटांचे गाभारे आणि त्यांच्या भोवती चार कोपऱ्यांत चार काटकोनी तळी. तळ्यांच्या काठावर नाग शरीर लांबवून पहुडले आहेत, आणि इथल्या नागांच्या डोक्यावर मुकुट नाही, नुसतं गुळगुळीत डोकं. पाण्यात कमळं आहेत. बाहेर एक किलोमीटरभर लांबीचा जुना तलाव आहे, तो अजून गावाच्या उपयोगाचा आहे.

अंगकोरचं राज्य ओसरलं तशी शंकराची पूजा थांबली. डोंगर मात्र ओस पडला नाही. आसपासच्या गावांतले लोक, त्यांत ख्मेर बोलणारे पुष्कळ, चांद्रवर्षाच्या पाचव्या महिन्यातल्या पौर्णिमेला पायी वर चढत. शिवाच्या आवारातल्या एका छोट्या देवळात बुद्धाच्या पावलाचा ठसा ठेवला होता. लोक तिथे फुलं वाहत आणि खाली उतरत. अभ्यासकांना डोंगराचा शोध लागण्याआधीपासून तो त्यांचाच होता. मग फ्रेंच आले. एतिएन एमोनिए यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली नोंद केली, आणि लुने द लाजोंकिएर यांनी पुढच्या दशकात देवळांच्या याद्या तयार केल्या. थाई इतिहासलेखनाचे जनक मानले जाणारे राजपुत्र दाम्रोंग १९०६ आणि १९२९ साली असे दोनदा इथे आले. १९३५ मध्ये देऊळ राष्ट्रीय स्मारकांच्या यादीत गेलं.

यादीत नाव जाणं आणि राखण होणं या दोन वेगळ्या गोष्टी. १९६०च्या दशकात ईशान्य थायलंडमध्ये अमेरिकी विमानतळ उभे राहत होते, रस्ते होत होते, आणि बँकॉकच्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत परदेशी गिऱ्हाइकं वाढत होती. पट्टी डोंगरावरून नक्की कोणी नेली ते कधी सिद्ध झालं नाही. हेलिकॉप्टरने नेली, अशी बोलवा बुरीरममध्ये अजून आहे. १९६५ मध्ये ललितकला विभागाला तिचा एक तुटका भाग बँकॉकमधल्या एका दुकानात सापडला. मोठा भाग मात्र समुद्रापलीकडे, शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये पोहोचला.

तिथे ती पट्टी ओळखली गेली १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि तिच्या परतीसाठी आवाज उठवणाऱ्यांत पुढे होते सुफद्रदित दिसकुन. ते पुरातत्त्वाचे प्राध्यापक होते. राजपुत्र दाम्रोंग यांचे ते चिरंजीव. ज्या डोंगराची पाहणी वडिलांनी केली त्याचाच दगड मुलाने अमेरिकेतून परत मागितला. त्यांच्या हाती होतं ते १९६०-६१च्या पाहणीतलं छायाचित्र. पट्टी तेव्हा देवळात होती, हे त्याने सिद्ध होत होतं. पण पट्टी गेली तेव्हा सांस्कृतिक वस्तूंच्या तस्करीविरुद्धचा १९७० सालचा युनेस्कोचा करार झालेला नव्हता. कायद्याचा जोर तोकडा होता. प्रकरण दीड दशक पत्रव्यवहारातच राहिलं.

इकडे डोंगरावर १९७१ पासून दुसरं काम सुरू झालं होतं. पडलेला प्रत्येक दगड उचलायचा, त्याला क्रमांक द्यायचा, त्याची जुनी जागा शोधायची, उरलेली भिंतही सोडवायची, पाया पक्का करायचा आणि मग सगळं पुन्हा रचायचं. फ्रेंच तज्ज्ञांनी अंगकोरमध्ये वापरलेली ही पद्धत. त्यांच्यापैकी बी. पी. ग्रोलिए आणि पिएर पिशार यांचा सल्ला फनोम रुंगलाही मिळाला. काम सतरा वर्षं चाललं. चुना किंवा सिमेंट लावून भिंत उभी करणं सोपं असतं. कोणता दगड कोणाच्या शेजारी होता हे ठरवणं अवघड, कारण एक दगड चुकला तर वरच्या सगळ्या ओळी सरकतात. देवळाचा कळस असा एकेक दगड करत पुन्हा वर गेला आणि पूर्वेच्या दाराशी येऊन काम अडलं. त्या दारावर काय बसवायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते शिकागोत होतं.

१९८८च्या मे महिन्यात राजकन्या सिरिंधोर्न यांच्या हस्ते या जागेचं ऐतिहासिक उद्यान म्हणून उद्घाटन झालं. त्या वर्षी थायलंडमध्ये हा विषय विद्वानांच्या हातातून लोकांच्या हाती गेला. बुरीरममध्ये लोक रस्त्यावर आले. शिकागोत राहणारे थाई संग्रहालयाच्या दाराशी जमले. काराबाव या लोकप्रिय बँडने पट्टीवर गाणं केलं आणि ते देशभर वाजलं. गणेशपट्टीसाठी थाई शब्द आहे ‘थपलांग’. तोवर तो पुरातत्त्ववाल्यांचा शब्द होता, तो आता टॅक्सीवाल्यांच्याही तोंडी आला. शेवटी शिकागोतल्या एका दात्या संस्थेने संग्रहालयाला दुसरी कलाकृती घेण्यासाठी पैसे दिले आणि संग्रहालयाने पट्टी सोडली. नोव्हेंबरात ती बँकॉकला आली आणि डिसेंबरात डोंगरावर, आपल्या दारावर, चढली.

एका दगडाची गोष्ट इथे पुरी झाली. प्रांताची झाली नाही.

फनोम रुंगसमोरच्या प्लाय बात नावाच्या छोट्या ज्वालामुखीवर १९६४ मध्ये गावकऱ्यांना पुरलेल्या कांस्यमूर्तींचा साठा लागला. सातव्या ते नवव्या शतकांतले बोधिसत्त्व, मैत्रेय आणि अवलोकितेश्वर, सडपातळ अंगाचे, चार हातांचे. कलाबाजारात त्यांना ‘प्राखोन चाय’ कांस्यं असं नाव पडलं. अमेरिकेतल्या अनेक मोठ्या संग्रहालयांत त्या मूर्ती पोहोचल्या. या व्यापारात बँकॉकमध्ये राहणाऱ्या डग्लस लॅचफोर्ड या ब्रिटिश संग्राहकाचं नाव वारंवार आलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी त्याच्यावर आरोपपत्र ठेवलं, पण २०२० मध्ये, खटला उभा राहण्याआधीच, तो मरण पावला.

परतीचं काम या वेळी गावांतून सुरू झालं. ‘सामनुएक ३०० ओंग’ नावाच्या स्थानिक गटाने २०१४ पासून प्लाय बातच्या मूर्तींचा माग काढला. म्हाताऱ्या माणसांना आठवत होतं, कोण खणायला गेलं होतं, कोणी किती पैसे दिले. बान नोंगहोंग देवळाची गणेशपट्टी सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये होती. शेजारच्या सा काएओ प्रांतातल्या एका पट्टीसह ती २०२१ मध्ये परत आली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने ‘गोल्डन बॉय’ द्यायचं कबूल केलं. मीटरभराहून थोडी उंच, सोन्याचा मुलामा दिलेली ही अकराव्या शतकातली कांस्यमूर्ती बुरीरमच्या बान यांग गावात खणून काढल्याचं तिथले लोक सांगत होते. मे २०२४ मध्ये ती बँकॉकला पोहोचली. मेटमध्ये ती आली होती १९८८ साली. शिकागोने नारायण परत दिला त्याच वर्षी बुरीरमचा दुसरा देव न्यूयॉर्कमध्ये काचेच्या कपाटात बसला, आणि ही जोडी जुळवायला छत्तीस वर्षं लागली.

या प्रांतातून गेलेलं सगळंच दगड-कांस्याचं नव्हतं. सारस इथल्या पाणथळ शेतांतला पक्षी. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात थायलंडच्या रानातून तो पुरता संपला. पाणथळ जागा आटल्या, शेतात औषधं आली. नाखोन रत्चसिमाच्या प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास झाली, आणि २०११ पासून वाढवलेले पक्षी बुरीरमच्या हुआय चोरखे माक तलावावर सोडायला सुरुवात झाली. नावाचा अर्थ पुष्कळ मगरींचा ओढा. काही वर्षांत पक्ष्यांनी भातखाचरात घरटी केली, आणि २०१६ मध्ये पिल्लं उघड्या शेतात जन्मली. शेतकऱ्यांनी फवारणी सोडली तर घरटं टिकतं, हे इथे पुन्हा दिसलं. गोंदिया-भंडाऱ्याच्या भातशेतीत उरलेल्या मोजक्या सारसांना सांभाळणाऱ्या मराठी शेतकऱ्यांना हे गणित नवीन नाही. पक्ष्याची उपजात वेगळी, खाचर तेच.

२००८ च्या मे महिन्यात एका रात्री काही जण फनोम रुंगवर चढले आणि त्यांनी नागांची डोकी, नंदी, द्वारपाल, सिंह फोडले. कारण जादूटोण्याचं की राजकारणाचं, यावर बरंच बोललं गेलं. ललितकला विभागाच्या माणसांनी तुकडे गोळा केले आणि पुन्हा जोडले. दगड जोडायचं काम त्यांना आता चांगलंच येत होतं.

दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पहाटेच्या अंधारात लोक गाड्यांतून, दुचाकींवरून, काही अजून पायी, डोंगरावर येतात. देवळाची मुख्य रेषा नेमक्या पूर्वेपासून किंचित उत्तरेला वळलेली आहे, म्हणून एप्रिलच्या तीन ते पाच तारखांच्या सुमारास आणि पुन्हा सप्टेंबरात उगवता सूर्य ओळीने पंधरा दारांतून आरपार दिसतो. मार्च आणि ऑक्टोबरात मावळताना तेच घडतं. बांधणाऱ्यांनी हे ठरवून केलं होतं की नाही, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. लोकांना त्याची फिकीर नसते. एप्रिलच्या जत्रेत दिशांच्या देवांची दहा वाहनं, हंस, ऐरावत, नाग आणि बाकीची, मिरवणुकीने वर नेतात. नरेंद्रादित्याची आई भूपतींद्रलक्ष्मी हिचा वेश घेतलेली एक मुलगी पालखीत असते. पौर्णिमेला पायी चढायची जुनी रीत आता या जत्रेत मिसळून गेली आहे.

पहाटे कधी ढग असतात आणि सूर्य दिसत नाही. तरी लोक थांबतात, फोन उंच धरून, पश्चिमेच्या दारात दाटीवाटीने. मग उजाडतं आणि गर्दी फुटून आत शिरते. एका दारातून दुसऱ्या दारात सरकत सगळे पूर्वेच्या मुख्य दाराशी येतात, आणि बाहेर पडल्यावर वळून वर पाहतात. लहान मुलांना आया बोट करून दाखवतात, तो पाहा, नाराय.